सुपात वाळवलेली बुरशी

बोनकोडे गावात आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा माझी लेक मनस्वी अडीच वर्षांची होती. घरमालकीण मालतीबाई खालच्या मजल्यावर राहायची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तू हापिसात गेलीस की पोरीला कोन बघंल?" मी पाळणाघराचं नाव सांगितलं. "आनि मी काय मेले काय?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मनस्वी तिच्या ओटीवर वाढली आणि मी तिला मावशी म्हणू लागले.

मावशी सतराव्या वर्षी उरणकडून लग्न होऊन इथे आली. तेव्हा गावाभोवती भातशेती होती, खाडीकडे मिठागरं. पुढे शहर आलं, शेतं गेली. सासऱ्यांच्या शेतावर आज कुठली इमारत उभी आहे, ते ती रस्त्याने जाताना बोट करून दाखवते. नवरा दिनानाथ तळोज्याच्या एका कारखान्यात लागला. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्याला एक शाल दिली आणि सोनचाफ्याचं एक रोप. शाल कपाटात गेली, रोप घरामागे लागलं. ते फुलायच्या आधीच तो गेला. मावशी स्वतः फूल माळत नसे, पण चाफा फुलायला लागल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक पोरीच्या वेणीत सकाळी एक फूल असायचं. मनस्वीच्या वेणीत दोन.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने, कुंदनने, घरामागच्या मोकळ्या जागेत चार मजली इमारत बांधायची ठरवली. चाफा नेमका खांबाच्या जागी येत होता.

"आये, नवीन आनू. नर्सरीत पन्नास भेटतात," कुंदन म्हणाला.

"तुझा बापूस पन भेटंल काय तिथं?"

झाड मुळांसकट काढून गावदेवीच्या आवारात हलवायचं ठरलं. मावशीने मला हाक मारली. "अरुना, तू झाडांचा कालेज शिकलीस ना? जगंल काय गो तो?"

मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, नोकरी मात्र बँकेत केली. तरी एक गोष्ट लक्षात होती. काही बुरशी झाडाच्या मुळांत शिरून राहतात, मुळं पोहोचत नाहीत तिथून पाणी आणि क्षार आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. उपटलेल्या झाडाची बारीक मुळं तुटतात, तेव्हा अशी बुरशी नव्या खड्ड्यात घातली तर त्याला आधार मिळू शकतो. मायकोरायझा नावाने तिची पावडर मिळते.

ती निवडण्यात माझे तीन आठवडे गेले. एका दुकानात पाकिटं काचेच्या कपाटात, थेट उन्हात मांडलेली होती. तिथून मी तशीच बाहेर पडले. एका पाकिटावर तारखेवर दुसरी तारीख चिकटवलेली. एकावर 'सर्व झाडांसाठी चमत्कार' एवढंच, आत कोणती बुरशी, किती जिवंत, याचा पत्ता नाही. मी शेजारणींनाही बजावून सांगत सुटले होते: बुरशीचं नाव बघा, एका ग्रॅममध्ये किती बीजाणू ते बघा, कधी बनवली ते बघा. शेवटी पनवेलच्या एका शेती-दुकानात हवं ते पाकीट मिळालं. दुकानदाराने ते आतल्या थंड खोलीतून काढून दिलं.

सोमवारी जेसीबी येणार होता. शुक्रवारी मनस्वीला ताप भरला. शनिवारी पहाटे तिला रुग्णालयात हलवताना मी पाकीट मावशीच्या हातात दिलं. "मावशी, ही बुरशी आहे. मुळांना चिकटेल अशी घाला. आणि ओल लागू देऊ नका," असं घाईघाईने म्हणाले आणि रिक्षात बसले. उन्हाबद्दल बोलले नाही. बोलायला हवं होतं.

विषमज्वर निघाला. आठ दिवसांनी आम्ही घरी आलो. चाफा देवळाच्या आवारात काठ्यांच्या आधाराने उभा होता, पानं थोडी मलूल. मावशी रोज दोन कळश्या पाणी नेऊन घालत होती.

पुढच्या आठवड्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. मावशी तिथे दिवाळे गावाहून आणलेले बोंबील पलटत होती. पावसाळ्यासाठी ती दरवर्षी सुकी मासळी भरून ठेवते, आणि भरण्याआधी तिला स्वतः कडक ऊन देते.

"बुरशी धरली की सगला फुकट," ती म्हणाली. मग हसली. "तुझी पावडर पन अशीच खरपूस केली. उघडली तं वास कुबट, हाताला ओलसर. म्हटलं, दुकानदारानं फसवली पोरीला. दोन दिस सुपात घालून ऊन दाखवला. मंग घातली."

जिवंत बुरशीची पावडर तशीच असते, थोडी कुबट, थोडी दमट. मेच्या उन्हात, तापलेल्या गच्चीवर, दोन दिवस. त्यातली बुरशी जगलीच असेल तर फारच थोडी.

उरलेले कपडे वाळत घालून मी खाली आले. संध्याकाळी पनवेलहून दुसरं पाकीट आणलं आणि मावशी घरात असताना आवारात जाऊन मुळांजवळ भोकं करून पावडर सोडली. पण जेसीबीने मुळांचा गोळाही फार लहान कापला होता. नुसत्या बुरशीने झाड जगतं असं मी आजही म्हणणार नाही. पहिली पावडर जिवंत असती तर काय झालं असतं, हेही मला सांगता येत नाही.

पानं पिवळी पडली, गळाली. गौरीगणपतीच्या आधी मावशीने नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं. ती देवळाच्या पायरीवर बसली.

"माझ्याच हातून काय चुकला काय गो? जास्त पानी झाला?"

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही मावशी. पावडर खोटी होती. मीच फसले."

तिने डोळ्यांना पदर लावला, मग ताडकन उठली. "चल पनवेलला. बघतेच त्या दुकानदाराकडं. शिकलेल्या बाईला फसवतो?"

ज्या माणसाने मला चांगला माल दिला होता, त्याच्यावर मी आळ घेतला होता. आता तो निस्तरायला आणखी एक खोटं लागलं. "दुकान बंद झालं, मावशी."

ती झाडाशी येऊन बसली. वाळक्या खोडावर तिने हात ठेवला. तिकडे कुंदनच्या इमारतीचं काँक्रीट मशीन घरघरत होतं.

"तेव्हा तू पोरीपाशी व्हतीस," ती म्हणाली. "तुला कुठं सुचनार व्हता खरा-खोटा. पोर उठली ना तुझी? मंग झाला. वाईट नको वाटून घेव."

ती माझी समजूत घालत राहिली आणि मी ती घालू दिली.