पोर्ट ब्लेअरचं ते अंगण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगता येईल असे प्रसंग आले, नाही असं नाही — पण प्रत्येक वेळी मी विषय बदलला, नाहीतर उठून पाणी प्यायला गेलो. आज लिहायला बसलो, तर पहिला संशय मला माझाच येतो. मला खोटं पाडू शकतील अशी माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून तर हा धीर आला नसेल ना?

संशय माझ्या अंगातच आहे. दुधात पाणी असणार, शेजाऱ्याच्या नमस्कारामागे काम असणार, साहेब हसून बोलला म्हणजे बदली आली असणार. कचेरीत वसंता म्हणायचा, "दिगू, तुले देव जरी भेटला न, तरी तू त्याले आधी इचारशीन — कोणाच्या ओळखीनं आला?" सगळे हसायचे. मीही हसायचो. पण असं तो चारचौघांत का म्हणाला, हे रात्रभर डोक्यात घोळायचं.

वसंता माझा मित्र. कचेरीत त्याचं टेबल माझ्या शेजारी, धरमपेठेत घर दोन गल्ल्या सोडून. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं असतील. सरकारी प्रवास-सवलत मिळायची, आणि त्या हिवाळ्यात दोघांनी जोडीनं जायचं ठरवलं. लोक काश्मीरला जात, कन्याकुमारीला जात. वसंता म्हणाला, अंदमान. काहून? तर म्हणे, इथे आपण शेकोटीला बसतो, तिथे भर डिसेंबरात समुद्रात डुंबता येतं. मला हे तेव्हाच खटकलं. जन्मात अंबाझरीच्या तलावात पाय न बुडवलेल्या माणसाला समुद्राची एवढी ओढ? आणि काटोलहून आणलेली संत्र्यांची एवढी मोठी पेटी कुणासाठी? "बोटीवर खाऊ," तो म्हणाला. बोटीवर त्यानं ती उघडू दिली नाही.

मुलांना आम्ही आजोळी ठेवलं होतं. त्याची मुलगी रामटेकला, शांतावहिनींच्या माहेरी. वहिनी म्हणजे वसंताची बायको — सरळ, थोडी अबोल बाई. माझी कुसुम तिच्या उलट. हावड्यापर्यंत रेल्वे, पुढे कलकत्त्याहून बोट. बोटीवर मी आडवाच होतो, पोटात काही ठरत नव्हतं.

पोर्ट ब्लेअरचा किनारा सुंदर होता, हे मला कबूल करायला हवं. पाणी असं की तळाची वाळू दिसावी. माडांच्या सावलीत गार वारा. आणि मी? मी बूट-मोजे घालून वाळूत बसलेला. मला पाण्याची भीती वाटत होती, पण तसं म्हणायची लाजही वाटत होती. वसंता लेंगा गुडघ्यावर बांधून आत शिरला आणि ओरडला, "ये न गा! बुटात वाळू भरून नागपूरले नेतं का?" मग तो कुसुमला म्हणाला, "वहिनी, याले बसू द्या चपला राखत. तुम्ही या!" कुसुम गेली. शांतावहिनींचा हात धरून गेली. लाट आली तशी किंचाळली, "अवं शांते, हा समुद्र पाय ओढून राहिला वं माझे!" आणि इतकी हसली — लग्नाला दहा वर्षं होत आली होती, असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. वसंताही हसत होता. त्यात काही वावगं होतं का? नव्हतं. पण माझ्या मनात ते रुतलं. आता तुम्हीच सांगा, माणूस दुसऱ्याच्या हसण्याचा सूड घेतो का?

वसंता रोज दुपारी नाहीसा व्हायचा. पान खाऊन येतो म्हणायचा. पान खायला इतका वेळ? एक दिवस संत्र्यांची पेटीही खोलीतून गेली. त्या दुपारी मी त्याच्या मागे गेलो.

चढावर पत्र्याचं एक घर होतं, पुढे अंगण, बांबूचं कुंपण. मी कुंपणाशी थांबलो. वसंता आत खाटेवर बसला होता. समोर एक बाई, तिशीची, सावळी, नीटस. पायाशी आपली संत्री. वसंतानं पिशवीतून साडी काढून तिला दिली. तिनं त्याच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि रडायला लागली. तोही रडत होता.

एवढं मी पाहिलं. आणि परतताना बोटीवर, वसंता खाली झोपलेला असताना, एवढंच मी शांतावहिनींना सांगितलं. हितचिंतक म्हणून. आवाज खाली करून. "तुमच्यापासून लपवणं बरं नाही वाटत," असंही म्हणालो.

कुसुमला मी काहीच बोललो नाही.

नागपूरला पोहोचल्यावर वहिनींनी वसंताला विचारलं, आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या आजोबांनी शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाचा खून केला होता. त्यांना काळ्या पाण्यावर पाठवलं. शिक्षा संपल्यावर ते तिकडेच राहिले, तिकडेच दुसरा संसार केला. इकडे घरच्यांनी लोकांना सांगितलं, काशीला गेले आणि वारले. वसंताला हे वडिलांनी अगदी शेवटी सांगितलं होतं. ती बाई त्याच्या आजोबांची नात — त्याची चुलतबहीण. वसंताच्या धाकट्या बहिणीचं लग्न जुळत होतं. खुनी आजोबा निघाला तर सोयरीक मोडणार, म्हणून तो बायकोशीसुद्धा बोलला नव्हता.

वहिनींना ते पटेना. कसं पटावं? काशीत मेलेला आजोबा अंदमानात जिवंत होतो, आणि त्याची नात साडी घेते! त्या रामटेकला माहेरी निघून गेल्या. पण त्यापूर्वी एकदा आमच्या घरी आल्या. कुसुम आत चहा करत होती.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे म्हणतात, तुम्ही कुंपणापाशी उभे होता. यांनी तुम्हाला पाहिलं. दिगूनं पाहिलं म्हणून उलट बरं वाटलं, म्हणतात, आता तो तरी संशय घेणार नाही. मले फक्त एक सांगा. त्या बाईनं यांना ओवाळलं का? भाऊ म्हणाली का?"

तिनं ओवाळलं होतं.

मी बोटीवर जेवढं सांगितलं, त्याच्या पुढचं हे, त्याच दुपारी त्याच अंगणात झालेलं. ती बाई डोळे पुसून आत गेली, तबक घेऊन आली. वसंताच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, आणि म्हणाली, "भैया, दादाजी कहते थे, मुलुख से कोई न कोई आएगा." मी स्पष्ट ऐकलं. कुंपण काही लांब नव्हतं. तेव्हाच मला कळलं होतं की हा माणूस निर्मळ आहे. कळूनही बोटीवर मी अर्धंच सांगितलं. चूक झाली असती तर तिला चूक म्हणता आलं असतं.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणालो, "मी तेवढा वेळ थांबलो नव्हतो, वहिनी."

त्या चहा न घेताच गेल्या. कुसुम कप घेऊन दारात उभी होती. त्या दिवसापासून कुसुम माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायची — की तोही माझा संशयच? तिनं कधी विचारलं नाही. आता ती नाही.

वसंता दुसऱ्या दिवशी कचेरीत आला. मला वाटलं, कॉलर धरेल. तो टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "तू खरंच नाही पाहिलं का गा?" मी फायलीतून मान वर न करता नाही म्हणालो. पुढे त्यानं टेबल बदलून घेतलं. माझ्यावरून विनोद करणंही सोडलं. बहिणीचं लग्न झालं; वसंता एकटाच राहिला. मुलगी रामटेकला वाढली, सुट्टीत बापाला भेटून जायची. तो गेला तेव्हा मी घाटावर मागे उभा होतो.

त्यानंतर काही वर्षांनी मी रामटेकला गेलो. वहिनी शिवणकाम करत होत्या, केस पांढरे झालेले. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. गडावर दर्शनाला आलो होतो, असं मी सांगितलं. वसंताचा विषय त्यांनीच काढला. "शेवटपर्यंत म्हणत राहिले हो, बहीणच होती म्हणून. आता वाटतं, असेलही. पण कोणाला विचारू?" त्यांनी मशीन थांबवलं होतं आणि माझ्याकडे बघत होत्या.

होती, वहिनी. मी पाहिलं होतं, मी ऐकलं होतं, आणि तुमच्या तोंडावर खोटं बोललो. मला क्षमा करा — बसमध्ये सगळी वाट मी हेच मनात म्हणत आलो होतो.

"काही म्हणायचं होतं का, भाऊजी?" त्यांनी विचारलं.

मी पेला खाली ठेवला आणि विचारलं, नागपूरची गाडी चौकातून मिळते की स्टँडवर जावं लागतं.