मागे गेलेली तारीख

आज कॉम्प्युटरची मागे गेलेली तारीख नीट करताना खिडकीतून पिकलेल्या टोमॅटोचा वास आला आणि मी मनाने नारायणगावच्या टोमॅटो बाजारालगतच्या, दादाच्या कॉम्प्युटर टायपिंगच्या दुकानात पोचलो.

आमचे आजोबा, आबा, नुकतेच गेले होते. जीप दुरुस्त करता करता उठून आलेले काका टेबलावर वाकले. "मशीनची तारीख मागं घे. मृत्युपत्रावर आबा जिते व्हते तवाची पायजे."

दादा हसला. "मशीन मागं जाईल, काका. आबा माघारी यायचं न्हाईत."

काकांच्या हातातला जीपचा लोखंडी पाना दादाच्या कपाळावर बसला, मग कानशिलावर, मग दादा पडल्यावरही. मी त्यांचा हात धरेपर्यंत रक्त की-बोर्डच्या फटींत उतरलं होतं.

दादाच्या तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. मशीनने सुरू होताच तारीख विचारली. मी दादा जिवंत होता त्या दिवसाची टाकली.

आज खरी तारीख टाकतानाही हात त्याच दिवसापाशी अडखळला.