धामणीच्या कमानी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला लोखंडी पाइपाचे गुण सांगत होतो. सडत नाही, किडत नाही, वाकत नाही... ताई फोनवर एवढंच म्हणाली, "ये." गिऱ्हाईक विचारत होतं, "भैया, पाइप काट दोगे क्या?" आणि मला काय आठवावं? तर भाऊजींनी जन्मात माझ्या दुकानातून हातभर पाइप नेला नाही. माणूस जातो तेव्हा असलंच काहीतरी आठवतं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमगावपासून आत त्यांचं गाव. धानाची शेती, ट्रॅक्टर, ट्रॉली. बाबा गेल्यावर आई ताईकडेच राहायला गेली, पण जावयाच्या घरात राहूनही तिने जुनी रीत सोडली नाही. भाऊजी अंगणात आले की तिचा पदर कपाळावर यायचा, मान खाली जायची आणि बोलणं तिसऱ्याच्या मार्फत सुरू व्हायचं. ते समोर बसलेले असले तरी ती मला म्हणायची, "त्याइले सांग, चहा थंडा होऊन राह्यला." भाऊजीही मलाच म्हणायचे, "आईले सांग, पितो म्हणा." दोघांच्या मध्ये माझी मान टेबलफॅनसारखी फिरायची.

मग एका वर्षी आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर काठीने चार पावलं टाकू लागली, पण बसची पायरी चढवेना, आणि मोटारीत पाय दुमडून बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली. दिवाळी झाली आणि तिने एकच धरलं, माहेरच्या गावची मंडई. जत्रेचं निमित्त, खरं म्हणजे तिची धाकटी बहीण तिथे अंथरुणाला खिळलेली होती. "एकडाव भेटून येतो... मंग कोण राह्यते, कोण नाई."

भाऊजी म्हणाले, ट्रॉलीतून नेऊ. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर गादी. ऊन-धूळ लागू नये म्हणून वर ताडपत्री. ताडपत्रीला कमानी हव्यात म्हटल्यावर माझ्यातला दुकानदार जागा झाला. "भाऊजी, पाइपाच्या कमानी उद्या वेल्डिंग करून देतो!"

"लोखंड खडखडते ना बापा. आईच्या कानापाशी दिवसभर टाळ वाजवू का?"

मग लाकूड शोधणं सुरू झालं. मी बरोबर होतो, म्हणजे मागे मागे होतो. आरा मशीनवर सागाच्या पट्ट्या पाहिल्या. त्या वाकवल्या की चिरत. बाभूळ जड. बांबू तर दारातच होता, पण नुकती अमावास्या सरून चंद्र वाढायला लागलेला. "चांदण्यातल्या बांबूले भुंगा लागते. पीठ पडन आईच्या डोक्यात."

"एका दिवसाचा प्रवास आहे, भाऊजी. भुंग्याला तेवढ्यात कुठली भूक?"

"तुले कायले समजन! तू पाइपवाला."

शेवटी स्वतःच्या बांधावरची धामण, चिवट लाकडाचं झाड, पसंत पडली. पूर्वी हिच्याच कावडी करत. एकेक फांदी गुडघ्यावर वाकवून ते कान जवळ नेत. "कुरकुरलं तं मोडते. गुमान वाकलं तं तसंच राहून जाते. वाकून हाताले मागं ढकलन, ते घ्याचं." निवडलेल्या फांद्या बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, भिजत घातल्या आणि मग खुंट्यांमध्ये अडकवून कमानी वळवल्या.

उंचीचं माप घ्यायला अर्थातच मी. आई खाटेवर बसली, मी शेजारी काठी उभी करून खूण केली, वर वीतभर जागा सोडली. भाऊजी समोर उभे राहून बघत होते. चूक तिथेच झाली, आणि ती आम्हा तिघांपैकी एकालाही दिसली नाही.

मंडईच्या दिवशी सकाळी निघालो. आई, ताई आणि मी ट्रॉलीत, भाऊजी ट्रॅक्टरवर, पाठ आमच्याकडे. जावयाची नजर नाही म्हटल्यावर आईने पदर खांद्यावर घेतला, मान सरळ केली आणि मागच्या उघड्या बाजूने कापलेल्या धानाच्या बांध्या बघू लागली. नाल्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं आणि तिचं डोकं थाडकन मधल्या कमानीवर आपटलं.

"ओ जवाईबापू! थांबवा ना! एवढं बुटकं काऊन केलं?"

ट्रॅक्टर थांबला. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी थेट बोललेली पहिली गोष्ट ही. भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही. समोर बघतच म्हणाले, "तुमीच तं माप देताना मान खाली घालून बसल्या! आमी काय करू?"

आई हसायला लागली. ताई, मी, सगळेच.

मावशीची भेट झाली. दोघी हात हातात घेऊन बसल्या, फारसं बोलल्या नाहीत. मावशी पुढच्याच उन्हाळ्यात गेली. परतताना भाऊजींनी तिथूनच फाटक्या वाकळेची पट्टी मागून घेतली आणि मधल्या कमानीला घट्ट गुंडाळली. आईचा पदर पुन्हा कपाळावर आला होता. मला म्हणाली, "त्याइले सांग, आता बरं हाय."

यंदा धान कापणीला आलं आणि भाऊजी बांधावरच छाती धरून बसले, ते बसलेच.

गेल्या आठवड्यात मी गेलो होतो. धान मिलवर न्यायचं होतं, आभाळ भरून आलेलं, म्हणून ट्रॉलीला कमानी चढवल्या. माझे पाइप सुचवायची हिंमत झाली नाही. वाकळेची पट्टी पोत्यांना अडकत होती. ताईने विचारलं, "आई, हे काढू का?"

आई ओसरीवर होती. भाऊजी गेल्यापासून तिचा पदर खांद्यावरच असतो. तिने ट्रॉलीकडे पाहिलं, पदर ओढून कपाळावर घेतला, मान खाली घातली आणि मला म्हणाली,

"त्याइले सांग... राहू द्या म्हणा."

मी कमानीकडे तोंड करून सांगितलं.