मोरी-सान विचारून गेले होते

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं मेधा, म्हणजे माझी बायको, चारचौघांत सांगते. पण ही एक गोष्ट तिला माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

आधी एक कबूल करतो. मी स्वतःवर खूश असणारा माणूस आहे. का नसावं? पुण्याहून ओहायोत आलो, इथल्याच डब्लिन गावात घर घेतलं, एका जपानी कंपनीत गाड्यांचे सेन्सर बनवणाऱ्या टीमचा प्रमुख झालो. इथल्या मराठी मंडळात माझं एक भाषण ठरलेलं आहे — जपानी संस्कृती नव्या तंत्रज्ञानाला तारक की मारक? उत्तरही ठरलेलं — मारक. हे लोक मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत, साहेबाला नाही म्हणत नाहीत, मग नवं काय डोंबल सुचणार? हशा, टाळ्या. नंतर एखाद्या काकू हमखास थांबवतात. ‘त्या मीटिंगचं सांगितलंस ना, अंगावर काटा आला बघ.’

ती मीटिंग. माझं सगळं तिच्यावरच तर उभं आहे.

मोरी-सान तेव्हा आमचे प्रमुख, टोकियोहून आलेले. गाडी मागे घेताना इशारा देणारा नवा सेन्सर त्यांचा, बरीच वर्षं त्यावर घातलेली. अमेरिकन साहेबांपुढे त्यांनी तो मांडला आणि मी उभा राहिलो. म्हणालो, हा ओहायोत चालणार नाही. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर सेन्सरवर उडतं, वाळून पांढरा थर बसतो, आणि मग मागे उभं असलेलं मूल त्याला दिसत नाही. लॅबमधला बर्फ स्वच्छ होता, तिथे कुणाला हे कळलंच नव्हतं. मला कळलं, कारण मी तो माझ्या गाडीला लावून फिरवला होता. माझा मुद्दा शंभर टक्के खरा होता. त्याचा अभिमान मला आजही आहे, आणि तो मी सोडणार नाही.

मग लपवलं काय?

मोरी-सान आदल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी आले होते. त्यांच्याकडे पद्धतच आहे, नेमावाशी म्हणतात. मीटिंगआधी एकेकाकडे जाऊन शंका विचारून घ्यायच्या, दुरुस्त्या करायच्या, म्हणजे चारचौघांत कुणाची मान खाली जायला नको. खुर्ची ओढून बसले. ‘एनी कन्सर्न्स? प्लीज, टेल मी नाउ.’

थर बसलेला सेन्सर तेव्हा माझ्या गॅरेजमध्ये होता. मी म्हणालो, ‘नो, नो. ऑल गुड.’

विसरलो होतो? घाबरलो होतो? — नाही हो. हातचं राखून ठेवलं. टेबलाशी सांगितलं असतं तर त्यांनी ते मुकाट्याने दुरुस्त केलं असतं, माझे आभारही मानले असते. मला आभार नको होते. मला साहेबांनी भरलेली खोली हवी होती.

बोलून मी खाली बसलो तेव्हा मोरी-सानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ‘मी याला विचारलं होतं’ — एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते उभे राहिले, वाकले आणि सगळ्यांची माफी मागितली. पुढे त्यांना परत बोलावून घेतलं. त्यांची जागा मला मिळाली. आणि त्यांचं ते गप्प राहणं मी दर भाषणात सांगतो — बघा, जपानी माणूस बोलतच नाही.

आता मीटिंगआधी मीच टेबलाटेबलाशी जातो. खुर्ची ओढून बसतो, विचारतो. लोक सांगतात, चुका आधीच सापडतात, काम झपाट्याने पुढे जातं. आमच्यासारखी टीम सगळ्या कंपनीत नाही, हे मी छाती ठोकून सांगेन. मंडळात मात्र भाषण तेच करतो, यंदाही केलं.

परवा नागपूरहून नुकतीच आलेली आमच्या टीममधली मुलगी म्हणाली, ‘सर, तुम्ही असं स्वतः येऊन विचारता ना, किती अमेरिकन स्टाइल आहे तुमची. मस्त वाटतं.’

मी थँक यू म्हणालो. घरी पोचेपर्यंत खूश होतो.