व्हर्लिनच्या हातावरचा डाग

अमेरिकेतल्या आयोवात मुलगा धड चालायला लागायच्या आधी त्याला कुस्तीच्या मॅटवर सोडतात. व्हर्लिन हुकस्ट्राला मुलगा झाला नाही, म्हणून त्यानं टेसाला सोडलं. डुकरांचं खाणंपिणं उरकलं की रोज गॅरेजमधल्या मॅटवर तो तिची मान उजव्या हाताच्या कवेत आवळून धरी.

"सूट आता. रडतेस काय? समोरची पोरगी काय तुझी मावशी आहे?"

ती सुटली तरी शाबासकी मिळत नसे.

त्या उजव्या हातावर, कोपराखाली, तळव्याएवढा खरखरीत तांबूस डाग होता. शाळेत असताना त्याला गजकर्ण झालं, तेव्हा त्यानं ब्लीच ओतून ते सँडपेपरनं घासलं आणि दुसऱ्या दिवशी कुस्ती मारली. ही शौर्यकथा गावाला पाठ होती. कुणी विचारो न विचारो, हा बाही वर करणारच. डाग खाजायचा, मग तो बायकोचं, आर्लीनचं, एक्झिमाचं स्टिरॉइड मलम त्यावर चोपडी. जुनी जखम खाजतेच, असं त्याचं वैद्यकशास्त्र.

टेसाच्या मानेवर चट्टा उठला तेव्हा राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. शाळेच्या नर्सनं बुरशीवरचं मलम दिलं.

"दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेच्याही थोडं बाहेर लाव. दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत थांबवू नकोस. टॉवेल वेगळा ठेव. आणि खाजेचं दुसरं मलम लावू नकोस. वरची लाली जाते आणि खाली बुरशी माजते."

चट्टा हळूहळू सुकत होता. व्हर्लिनला 'हळूहळू' या शब्दाचीच चीड होती. त्यानं ट्यूब कचऱ्यात फेकली आणि आर्लीनचं मलम आणलं.

"बाबा, नर्स नको म्हणाली होती."

"मग तिच्याच घरी राहायला जा."

दोन दिवसांत लाली गेली. नर्सनंही फसून खेळायची परवानगी दिली. व्हर्लिन आठवडाभर मिशीला पीळ दिल्यासारखा हिंडला आणि गॅरेजमध्ये पुन्हा मान आवळू लागला. मग खाज मानेवरून केसांत चढली. टेसानं सांगितलं, तर म्हणाला, "वेणी घट्ट बांध."

स्पर्धेच्या सकाळी, राजधानीत, डे मॉइनला, कुस्तीआधी कातडी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती वेणी उचलली. खाली केस गळून कातडी उघडी पडली होती आणि पू येत होता.

"स्टिरॉइड लावलंत ना? हिला खेळता येणार नाही. आता पोटात गोळ्या घ्याव्या लागतील. इथले केस परत येतील की नाही, सांगता येत नाही. घरात आणखी कुणाला आहे?"

"कुणालाही नाही," व्हर्लिन म्हणाला. आज त्याची बाही मनगटापर्यंत खाली होती.

टेसानं त्याचं मनगट धरलं, त्यानंच शिकवलेल्या पकडीनं, आणि बाही कोपराच्या वर सारली. डॉक्टरीणबाईंनी डागाच्या उठलेल्या कडेवर दिवा धरला.

"हेही गजकर्णच आहे. किती वर्षं झाली?"

व्हर्लिन बाही खाली ओढू लागला.

"माझ्या जन्माआधीपासून," टेसा म्हणाली. "रोज याच हातानं माझी मान धरतात."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर इतकी वर्षं राखणदारीची फुशारकी मारली होती. टेसानं पिशवीतून आपला टॉवेल काढला, मानेभोवती गुंडाळला आणि ती बाहेर थांबलेल्या आईकडे निघून गेली. आत तिच्या वजनगटातल्या मुलींची नावं पुकारायला सुरुवात झाली होती.