मूळ गावाचा रकाना

शेठने पडद्यावरचं बटण दाबलं आणि माझे बाबा यादीतून गेले.

गुजरातमधल्या बमरोलीच्या एका मिलचं ऑफिस होतं. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर आमचं कामगार भरतीचं पोर्टल. कामगारांनी भरायची बाजू मी आखली होती. मालकांनी बघायची बाजू आमच्या कंपनीच्या सरांनी दुसऱ्याकडून करून घेतली होती. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. सरांनी शोधाच्या जागी एकच शब्द टाकला. बौद्धवाडा. एकेचाळीस अर्ज वर आले. पहिला बाबांचा. यादीच्या वर एक बटण होतं, 'लपवा'. ते शेठने दाबलं. पडदा कोरा.

"आ वाडा एटले शुं?" शेठने विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

सर हसले. "शेठ, अमारे त्यां वाडा परथी बधी खबर पडी जाय." वाड्यावरून माणसाची जात कळते, असं.

"सारुं. केन्टीन एक ज छे ने. पछी माथाकूट थाय."

म्हणजे कॅन्टीन एकच, कोण कुणाच्या शेजारी जेवणार याची कटकट नको. मी गुजराती शाळेत शिकले. मला सगळं कळलं. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, तुझ्या रकान्याचं केवढं काम झालं."

माझा रकाना. खरं आहे, तो मीच केला होता.

नवागामच्या आमच्या गल्लीत काम असंच मिळतं. लूमच्या खात्यावर, म्हणजे मागाच्या कारखान्यात, गेलं की मुकादम नाव नंतर विचारतो, आधी गाव विचारतो. गावचा कुणी आत असला की तो हमी घेतो आणि माणूस कामाला लागतो. जुनी पोर्टलं रिझ्युमे मागायची, ईमेल मागायची. बाबांकडे काय होतं? तीस वर्षं लूमवर घासलेले हात, आणि गाव. म्हणून मी रकाना ठेवला, मूळ गाव. लिहिता येत नसेल तर बोलून भरायचा. कोणत्या मिलमध्ये आपल्या गावचं कोण आहे, हे माणसाला लगेच दिसावं, एवढाच हेतू. सर म्हणाले, "नुसतं गाव नको, पूर्ण पत्ता घे." मी घेतला. सर गावाकडच्या आमच्याच तालुक्याचे. मुलाखतीत माझा अर्ज वाचून म्हणाले होते, "अरे, तू तर आपल्या मातीची." त्या एका वाक्यावर मी दीड वर्ष राबले. शंका आली नाही. मूर्खच होते.

दोन रविवार विहारात बसून मी वस्तीचे अर्ज भरून घेतले. कुणी नुसतं गाव सांगितलं की मीच म्हणायची, पूर्ण सांगा, अर्धवट चालत नाही. आमची माणसं सरळ. पूर्ण म्हणजे पूर्ण. मुक्काम, पोस्ट, बौद्धवाडा. एकेकाला मी स्वतःच्या हाताने त्या यादीत बसवलं.

मिलच्या ऑफिसात आता कामगारांची बाजू दाखवायची माझी पाळी होती. मी माउस हातात घेतला. 'लपवा' काढून टाकलं. एकेचाळीस नावं परत आली.

"शेठ, आमां पहेलुं नाम मारा पप्पानुं छे. हुं पण ए ज वाडानी छुं."

मीही त्याच वाड्यातली, हे ऐकून शेठ कपात बघत बसला. तासाभरापूर्वी तसल्याच कपातून मीही चहा प्याले होते.

सरांनी मला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. "तू कशाला अंगाला लावून घेतेस? तू वेगळी आहेस. शिकलीस."

"रकाना काढा. नाहीतर ते बटण काढा."

"रकाना आता कंपनीचा आहे."

मी आत जाऊन बॅग घेतली. परत कामावर गेले नाही.

रविवारी विहारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. काय झालं तेही, आणि त्यात माझा हात किती होता तेही. साड्यांच्या पॅकिंगला जाणारी सुशीलामावशी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना, समदं खरं लिखा म्हनीसन?"

मी हो म्हटलं. ती उठून चपला घालून निघून गेली. मला तिने अजून माफ केलेलं नाही. तिने करावं असं मी म्हणणारही नाही.

कुणीतरी मागून सुचवलं, वाडा लपवून नवे अर्ज भरू, कोणाला कळणार? बाबा एरवी चार माणसांत तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, "पत्ता दपाडाले मी काय चोरी करेल शे?"

त्या दिवशी सगळ्यांना अर्ज मागे घ्यायचं बटण शोधून दिलं. पडद्याच्या अगदी तळाशी, बारीक, राखाडी. ते तसं ठेवायला सरांनीच सांगितलं होतं, आणि मी ठेवलं होतं. एकेकाचा फोन हातात घेऊन दाखवलं. बाबांनी स्वतः दाबलं.

यापुढे माझ्याकडून कुणीही एक रकाना आखून घेतला, तर मी आधी विचारणार, हे भरलेलं कोण वाचणार, आणि वाचून काय करणार. उत्तर दिलं नाही तर माझा हात चालणार नाही. उपाशी राहीन.

काल दुसरीकडे नोकरीचा अर्ज भरला. पत्ता पूर्ण लिहिला. मुक्काम, पोस्ट, बौद्धवाडा. ज्याला लपवायचं त्याने माझ्या तोंडावर लपवावं.