विसाव्यापर्यंतची वाट

मी हे लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, आणि कॉलेजात मी शिकलो तेही नकाशे करायला, लिहायला नाही. कुठे जास्त बोललो, कुठे कमी पडलो, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. हे नकाशात बसलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

आमचं गाव आता पुण्यातच धरतात. हद्द वाढली आणि शेतांच्या मधोमध शहराचे फलक लागले. शेवटच्या वर्षाला मी खराडीच्या एका ऑफिसात प्रशिक्षणासाठी जात होतो, राहायलाही तिकडेच होतो. तिथे विकास आराखड्यासाठी जमिनीवर आज काय काय आहे त्याचा नकाशा बनत होता. उपग्रहाच्या चित्रावर आम्ही घर, विहीर, गोठा, रस्ता असं एकेक रेखाटायचो, प्रत्येकाचा नकाशात वेगळा थर, म्हणजे लेयर. जे चित्रात दिसत नाही ते ऑफिसातर्फे गावात फिरलेल्या मुलांच्या नोंदीवरून घालायचं. ऑफिसात शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे, तो निघतानाच हातात येई.

आमचं गाव माझ्याच वाट्याला आलं. पडद्यावर आमच्या घराचे पत्रे दिसले तेव्हा मी शेजारच्या मुलीला बोलावून दाखवले. मग मी नदीकडे जाणारी वाट शोधू लागलो, आणि ती सापडेना.

ती मयताची वाट. गोठ्यामागून निघते, विहिरीला वळसा घालते, चार-पाच शेतं ओलांडून नदीवरच्या स्मशानात उतरते. मधे एक सपाट दगड आहे, त्याला विसावा म्हणतात. तिरडी तिथे टेकवतात, तिची दिशा फिरवतात, खांदेकरी बदलतात आणि मग पुढे जातात. माझ्या वडिलांना तिथे टेकवलं होतं तेव्हा मी आप्पांचं बोट धरून उभा होतो. आप्पा माझे थोरले चुलते. पुढे मला शिकवलं त्यांनीच.

रोजच्या पायवाटा चित्रात पांढऱ्या दिसतात, कारण पाय पडून गवत मरतं. या वाटेवर पाय पडतात ते कोणी गेलं तरच. एरवी तिच्यावर गवत असतं. आणि गावात फिरलेल्या मुलांनी विहिरीपाशी उभं राहून विचारलं होतं, इथून पुढे काय आहे? आमच्या माणसांनी सांगितलं, काही नाही. ते खोटं बोलले नाहीत. त्या वाटेकडे बोट दाखवायचं नाही, कारणाशिवाय तिचं नाव काढायचं नाही, हे सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. मुलांनी तसंच लिहून नेलं.

ऑफिसातले आमचे सर सदाशिव पेठेतले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं दुःख कळलं," ते म्हणाले. "पण भावनांसाठी आपल्याकडे लेयर नाही. फोनमध्ये चाललेली वाट नोंदवणारं ॲप चालू ठेवून ती वाट चालून या. ट्रॅक आणा, मी स्वतः रेघ टाकतो."

"आणि नाही आणला तर?"

"तर तिथे शेत आहे. शेत विकत घेणाऱ्याला वाट सोडायची गरज नाही."

विसाव्याचं शेत नुकतंच विकलं गेलं होतं, म्हणून मला घाई होती. रविवारी घरी गेलो. आप्पा पडवीत खाटेवर होते. त्यांचं डायलिसिस सुरू होतं, चेहरा सुजलेला. मी वाटेचं बोलताच आईने पाखडता पाखडता हातातलं सूप खाली ठेवलं.

"घरात माणूस असं पडलंय आन् तू त्या वाटेनं चालनार? मोकळाच?"

"आई, फक्त फोन घेऊन जायचंय."

"फोन घेऊन जा न्हाईतर आनि काय. मोकळं गेलं की ती वाट मानूस मागती."

आई त्या वाटेवर कधी गेलेली नाही. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. पण तिच्यासमोर मला उंबरा ओलांडता आला नाही. आप्पांकडे पाहिलं. ते हसत होते.

"तिला नगं दुखवू," ते म्हणाले. "मी जाईन तवा घ्या की रेघ. फुकटचा फेरा कशाला?"

"भावजी, असं वंगाळ बोलू नका."

"वंगाळ काय त्यात. तुमच्या पोराचं काम व्हईल." मग ते आपल्या मुलाला, माझ्या चुलतभावाला म्हणाले, "ते काय हाय ते तुझ्या फोनात घालून घे. ह्यो खराडीत आसंल."

दादाने फोन पुढे केला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी ॲप घालून दिलं, कसं सुरू करायचं ते दाखवलं. आप्पा मान उंचावून पडद्याकडे बघत होते. "विसावा दिसंल का त्यात?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, थांबलात की ठिपके एका जागी जमतात. ते म्हणाले, मग बरं.

सरांनी माझ्यासाठी आमच्या गावाच्या वाटांचा लेयर दोन दिवस उघडा ठेवला, मग बंद केला. "आराखडा जाहीर झाला की हरकत घ्या," ते म्हणाले, आणि यावेळी त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यानंतर कामाच्या गडबडीत माझं घरी जाणं झालं नाही. जाहीर झाल्यावर हरकत घेऊ, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

एका संध्याकाळी लॉकरमधून फोन काढला तर दादाचे कितीतरी कॉल येऊन गेले होते, आणि शेवटी त्याने पाठवलेली एक फाइल. आधी फोन लावायला हवा होता. मी जिन्याच्या पायरीवर बसून फाइल उघडली.

निळी रेघ आमच्या दारातून निघाली होती. गोठ्यामागून गेली, विहिरीला वळली. मला समजलं. पुढे एका जागी ठिपक्यांची गाठ होती. टेकवलं, असं मनात आलं आणि बरं वाटलं. मग चित्र मोठं केलं. गाठ विसाव्यावर नव्हती, अलीकडेच होती, विकलेल्या शेताच्या बांधावर. तिथून रेघ मागे फिरली होती, आमच्या दारावरूनच परत, आणि डांबरी रस्त्याने लांबून नदीला गेली होती.

मी फोन लावला. दादाचा आवाज बसला होता.

"रेघ आली का नीट? मडकं माझ्या हातात होतं, फोन मेव्हन्याच्या खिशात दिला होता."

मी म्हणालो, आली.

"सकाळी गेले आप्पा," तो म्हणाला. "शेताला पत्रे मारलेत रे, आमाला तिथं गेल्यावरच दिसलं. पत्र्याला लागूनच टेकवलं त्यांना."